एलएलबीला एडीआर खरंच अभ्यासायचा असतो का, की फाईल दिली की झालं?

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या वर्षाला आहात, सीनियर म्हणतात एडीआर (खटला न लढवता वाद सोडवायचे पर्यायी मार्ग) म्हणजे मार्क काढायचा पेपर, फाईल लिहा, वायव्हा द्या, विषय संपला, आणि पुढे वकिलीत याचा उपयोग तरी काय. मी जिल्हा कोर्टात दिवाणी बाजूला काम करतो. माझ्यापुरतं सांगायचं तर कॉलेजात शिकलेल्या विषयांपैकी रोज हाताशी लागणारा हाच. बार कौन्सिलने 2008 च्या नियमांत हा पेपर कंपल्सरी ठेवलाय तो उगाच नाही. घटनेच्या कलमांवर आर्ग्युमेंट करायची वेळ आमच्याकडे क्वचित येते, पण समोर बसलेल्या पक्षकाराला 'दादा, हे मिटवायचं का लढायचं' हे सांगायची वेळ सतत येते, आणि तिथे चुकीचा सल्ला दिला तर त्या घराची दहा-पंधरा वर्षं जातात.

लवाद, समेट, मध्यस्थी, लोकअदालत यांच्या व्याख्या घोकत बसू नका. प्रत्येकापुढे एवढंच लिहा की इथे निर्णय कोण करतं, आणि तो नाही पटला तर पुढे कुठे जाता येतं. मध्यस्थीत सही करेपर्यंत तुम्ही बांधलेले नसता, उठून निघून जाऊ शकता. लवादात निर्णय नेमलेला लवाद (पंच) देतो आणि तो नको असेल तर लवाद कायद्याच्या कलम 34 खाली 3 महिन्यांत कोर्टात अर्ज करायचा, सबळ कारण असेल तर वरचे 30 दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही, आणि कारणंही मोजकीच चालतात. लवादाचा निवाडा कोर्टाला बदलता येतो का यावर बरीच वर्षं घोळ होता, 2025 मध्ये गायत्री बालसामी केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मर्यादित बदल करता येतो असं बहुमताने सांगितलं. लोकअदालतीत तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, कोर्ट फी परत मिळते, पण अपील नाही. सुप्रीम कोर्टाचा जालोर सिंग (2008) निकाल वाचा, लोकअदालतीला स्वतः निकाल द्यायचा अधिकारच नाही, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर हायकोर्टात रिट, तेही अगदी थोड्या कारणांवर.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89 (कोर्टाने केस एडीआरकडे पाठवण्याचं) वाचताना डोकं गरगरलं तर दोष तुमचा नाही. मध्यस्थी आणि न्यायिक तडजोड यांच्या व्याख्यांची तिथे अदलाबदल झालीय, आणि हे सुप्रीम कोर्टाने अ‍ॅफकॉन्स (2010) मध्ये स्पष्ट म्हटलंय. त्याच निकालात कुठल्या केस या मार्गाने पाठवायच्या आणि कुठल्या नाही याची यादी आहे, एवढा एक निकाल नीट वाचलात तरी निम्मा पेपर समजेल.

आता पुस्तक बाजूला ठेवा आणि लोकअदालत बघायला जा. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा असते, बहुतेक शनिवारी. मध्यस्थीच्या खोलीत तुम्हाला कोणी सहज बसू देणार नाही, ते सगळं गोपनीय असतं आणि तसंच असायला हवं, पण लोकअदालतीच्या पॅनेलजवळ उभं राहून खूप शिकता येतं. चेक बाउन्स, मोटार अपघात, बँकेची थकबाकी, वीजबिल. बघा की विमा कंपनीचा माणूस आकडा कसा वाढवतो, आणि अपघातात नवरा गेलेली बाई त्या आकड्याला हो म्हणताना तिला कोणी समजावून सांगितलंय का की यानंतर अपील नाही. मला या विषयात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. घाईत मिटवलेल्या केसचा आकडा रिपोर्टमध्ये छान दिसतो, पण सही करणाऱ्याला कळलंय का हे बघणं वकिलाचं काम आहे, आणि हे कुठल्याच फाईलमध्ये लिहायला लावत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून लॉच्या विद्यार्थ्यांनाही घेतात, तिथे चौकशी करा.

दुसरं, तडजोडीच्या अटी लिहायला शिका. वाटपाचा दावा घ्या. दोन भाऊ, सात एकर, एक विहीर. 'विहीर सामाईक राहील' एवढं लिहून पुरसीस (कोर्टात द्यायचं तडजोडीचं लेखी निवेदन) दिली की सगळे हसत घरी जातात, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत भांडण, कारण पाळी कोणाची किती दिवस, मोटारीचं वीज कनेक्शन कोणाच्या नावावर, बिल कोण भरणार, गाळ काढायचा खर्च कसा, पाइपलाइन धाकट्याच्या हिश्श्यातून जाते ती त्याने अडवली तर काय, बैलगाडीची वाट किती फूट, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. प्रत्येक अटीत कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाही केलं तर काय, हे असलंच पाहिजे. अजून एक गोष्ट जी कॉलेजात सहसा सांगत नाहीत, दाव्यात नसलेला गट नंबर तडजोडीत घातला तर त्या जमिनीपुरती हुकूमनाम्याची नोंदणी लागते, नोंदणी कायद्याचं कलम 17 उघडून बघा. ते राहिलं की पुढे सातबाऱ्यावर नाव लावताना अडतं आणि मग पक्षकार तुमच्याकडेच परत येतो. सराव म्हणून तुमच्याच गावातला बांधाचा एखादा वाद घ्या (तंटामुक्त समितीपुढे गेलेला असेल तर अजून चांगलं, 2007 पासून गावोगाव ही समिती आहे), नावं बदला, आणि दोन्ही बाजूंनी अटी लिहून बघा.

करिअरचं विचारलंत. लवादाचं मोठं काम मुंबईत, बांधकामाचे आणि कंपन्यांचे करार, तिथे 2016 पासून मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशनही आहे. व्यापारी दाव्यांत तातडीची दाद मागायची नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे, नाहीतर वादपत्रच नामंजूर होतं, सुप्रीम कोर्टाचा पाटील ऑटोमेशन (2022) निकाल बघा. पण डिग्री घेतली आणि लगेच मध्यस्थ म्हणून बसलो असं होत नाही, कोर्टाच्या पॅनेलवर जायला 40 तासांचं प्रशिक्षण आणि त्याआधी वकिलीची बरीच वर्षं लागतात. तोवर दिवाणी प्रॅक्टिस करा, उलटतपास घ्या, केस चालवायला शिका. केस कुठवर टिकेल याचा अंदाज नसलेल्या वकिलाला तडजोडीत कितीवर थांबायचं तेही कळत नाही.

वायव्हाला जाताना 1996 चा लवाद कायदा सगळ्या दुरुस्त्यांसकट, 1987 च्या विधी सेवा कायद्याची 19 ते 22 कलमं आणि 2023 चा मध्यस्थी कायदा, एवढे बेअर अ‍ॅक्ट (कायद्याची मूळ कलमं) हाताशी असू द्या. शेवटच्या कायद्याची सगळी कलमं एकदम लागू केलेली नाहीत, ऑक्टोबर 2023 मध्ये फक्त काही कलमं लागू झाली, त्यामुळे अधिसूचना बघूनच उत्तर द्या, परीक्षक नेमकं तिथेच धरतात.