समीकरणात संख्या पलीकडे नेली की चिन्ह का बदलतं? आठवीतल्या मुलीची कंसातही चूक होते.

संख्या पलीकडे जात नाही. दोन्ही बाजूंना एकच क्रिया केली जाते. मधली पायरी गाळल्यामुळे चिन्ह उडी मारल्यासारखं वाटतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 4 नारळ आणि 30 रुपयांच्या मिरच्या मिळून 190 रुपये झाले, तर एका नारळाची किंमत x धरून 4x + 30 = 190. दोन्हीकडून 30 वजा करा: 4x = 160. दोन्हीकडे 4 ने भागा: x = 40. इथे 4 हा गुणक आहे, म्हणून भागायचं. मुलं इथेही चिन्ह बदलून x = 160 − 4 लिहितात, कारण त्यांनी ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदल’ एवढंच पाठ केलेलं असतं. महिनाभर तरी तिला मधली पायरी लिहायला लावा.

आता कंस. 7 − 2(x − 3) = 1 घ्या. बाहेरचा −2 आतल्या दोन्ही पदांना गुणतो आणि (−2) × (−3) = +6, म्हणून 7 − 2x + 6 = 1. मग 13 − 2x = 1, −2x = −12, x = 6. नेहमीची चूक म्हणजे +6 ऐवजी −6; तसं केलं तर x = 0 येतं. दुसरी, आधी 7 − 2 = 5 करून 5(x − 3) लिहिणं. गुणाकार वजाबाकीच्या आधी, हे तिला माहीत असतं, पण अक्षर दिसलं की विसरायला होतं.

ताळा करायची सवय लावा. x = 0 मूळ समीकरणात घातलं तर डावी बाजू 13 येते, 1 नाही. परीक्षेत याला अर्धा मिनिटही लागत नाही.