मॉन्टेवर्दी सफारी खरी स्विस गाडी आहे, की कपडे बदललेली अमेरिकन स्काउट? आज मिळाली तर घ्यावी का?

प्रश्नातलं ते 'कपडे बदललेली' वाचलं आणि राहवलं नाही. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या स्काउट टू या दणकट गाडीची, इंजिन बहुतेक गाड्यांना क्रायस्लरचं ५.२ लिटरचं व्ही-एट, सगळं मान्य. तरी ती स्काउट नाही.

आमचे अण्णा कराडला ट्रकच्या बॉड्या बांधायचे. कंपनीतून नुसती चासी यायची, ड्रायव्हर उघड्यावर बसून तोंडाला फडकं गुंडाळून शेकडो किलोमीटर चालवत आणायचा, आणि महिना-दीड महिन्यानं तीच केबिन, हौदा, फाळके, रंगरंगोटी होऊन बाहेर पडायची. माझे दाजी गाड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात होते. ताईच्या घरी पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णांचं काय, दुसऱ्याच्या गाडीला पत्रा मारायचा." अण्णा खाली मान घालून जेवत राहिले. मला ते अजून सलतं.

आता मी स्वित्झर्लंडमध्ये बाझलला असतो. सफारी काढणाऱ्या पीटर मॉन्टेवर्दीचं गाव बिनिंगेन, ते बाझलला लागूनच आहे. दोन वर्षांपूर्वी इथं जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एक चॉकलेटी सफारी दिसली, मालक सत्तरीचे, मी इतका वेळ घुटमळतोय बघून म्हणाले बघ खालून. आडवा होऊन बघितलं तर पुढंमागं पाटे, जाडजूड ॲक्सल, सगळं शेतकऱ्याच्या गाडीचं. आणि उभं राहून बॉनेटच्या कडेवरून बोट फिरवलं तर इटलीतल्या साविल्यानोच्या फिसोरे या बॉडी बांधणाऱ्या कंपनीच्या कारागिरांचं काम, सरळ स्वच्छ रेघ, आत लेदरच्या सीटा. १९७६ ला जिनिव्हाच्या शोमध्ये आली तेव्हा रेंज रोव्हरला टक्कर द्यायलाच आली होती. मी मालकांना सांगितलं की आमच्याकडं महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर होता, तोही मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरचाच, तर त्यांनी दार उघडून मला स्टिअरिंगवर बसवलं. त्या ट्रॅक्टरला गावात कुणी कधी नकली म्हटलं नाही.

आणि बॉडीवाल्याला काय कळतं म्हणणाऱ्यांनी हेही बघावं: रेंज रोव्हर १९७० पासून दोनच दारांची होती, चार दारांची मॉन्टेवर्दीनं १९८० ला करून दाखवली, कंपनीची स्वतःची आली १९८१ ला. दाजी, चासीवर माणूस बसत नाही हो, बॉडीत बसतो.

घ्यायची तर मेकॅनिकल पार्टची काळजी करू नका, स्काउटचे आणि क्रायस्लरचे अमेरिकेतून अजून मिळतात. बॉडीचे मिळत नाहीत, एक पॅनल गेलं की हातानं ठोकून घडवणारा शोधावा लागतो, म्हणजे परत अण्णांसारखाच माणूस. स्काउटला गंज फार, म्हणून आधी फ्लोअर आणि चासी तपासा, पेट्रोलही बेसुमार पिते. हां, एक राहिलं, सफारीच्या जोडीला मॉन्टेवर्दीनंच सहारा नावाची स्वस्त गाडी काढली होती, तिची बॉडी बरीचशी स्काउटचीच ठेवलेली. तिला कपडे बदललेली म्हणा, मी भांडणार नाही.