नायकाच्या भूमिका हव्यात? आधी जोडीनृत्य पक्कं कर

प्रिय मित्रा,

कोर द बॅलेत, म्हणजे बॅले कंपनीच्या समूहनर्तकांत, करार मिळाला, मनापासून अभिनंदन. प्रमुख भूमिकांपर्यंत पोचायचं तर आता कशावर भर देऊ, असं तू विचारलंस. जोडीनृत्यावर. तुझ्या उड्या चांगल्या आहेत, हवेतल्या दोन गिरक्या घेऊन तू पाचव्या स्थितीत (एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे चिकटून) स्वच्छ उतरतोस. पण तसं उतरणारी मुलं प्रत्येक कंपनीत असतात. 'जिझेल' बॅलेचा नायक आल्ब्रेख्त किंवा 'स्वान लेक'चा राजपुत्र कुणाला द्यायचा हे ठरवताना बॅलेरिना कुणाबरोबर निर्धास्त नाचते, हे पाहिलं जातं. आपल्याकडे उशिरा सुरुवात केलेल्या मुलांना उडी-गिरकीचा सराव भरपूर मिळतो, जोडीदारीण क्वचित मिळते. ती उणीव पहिल्या एक-दोन हंगामांतच भरून काढ.

सुरुवात आधाराच्या पिरूएटपासून कर, म्हणजे जोडीदारीण एका पायावर गिरकी घेते आणि तू तिला सावरतोस. तिच्या मागे वीतभर अंतर ठेवून उभा राहा. फार जवळ गेलास तर फिरताना तिचा वाकलेला गुडघा तुला लागतो. फार लांब राहिलास तर तू पुढे झुकतोस आणि तिलाच ढकलतोस. तळवे कंबरेच्या दोन्ही बाजूंना, बोटं मिटलेली, अंगठे बरगड्यांत रुतू द्यायचे नाहीत. ती फिरत असताना हातांचं कडं सैल हवं, शेवटच्या अर्ध्या फेरीत ते मिटायचं. तिचा तोल उजवीकडे कलला तर उजव्या तळव्याने हलकेच परत आणायचा. नवी मुलं घाबरून दोन्ही हातांनी घट्ट धरतात आणि तिथेच गिरकी मरते. ती तुझं बोट धरून फिरते तेव्हा तुझा हात तिच्या टाळूच्या बरोबर वर, स्थिर. डाळ घोटल्यासारखा हात फिरवलास की तिचा तोल गेलाच म्हणून समज.

आता उचलणं. पन्नासेक किलोचं शरीर डोक्यावर नेताना जोर पायांतून आला पाहिजे. दोघांचा प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं, एकाच मात्रेवर. ती जमीन सोडते त्याच क्षणी तुझे पाय सरळ व्हायला लागायचे. तू आधी ओढलंस तर तिची उडी वाया जाते, उशीर केलास तर नुसतं वजन खांद्यांवर येतं. कोपर सरळ झाले की तू तिच्या थेट खाली हवास. ती पुढे आणि तू मागे राहिलास की कंबर कमानीसारखी वाकते. हे महिनोन् महिने चाललं तर कमरेच्या मणक्यांना बारीक तडे जातात. खाली आणताना जास्त काळजी घे: तिला अंगाजवळ ठेव, गुडघे वाकव, तिच्या बुटाचा आवाज येता कामा नये. आणि तिला विचार. कुठे दुखलं, कुठे हात उशिरा आला, हे तिच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

सरावाच्या कपड्यांत जमलेलं रंगमंचावर बिघडतं, कारण टुटूच्या, म्हणजे बॅलेरिनाच्या ताठ आडव्या झग्याच्या, ताटामुळे तुला तिचे पाय दिसत नाहीत, अंतर बदलतं, घामाने सॅटिन निसटतं. म्हणून सरावाचा टुटू लवकर माग. पॅरिसच्या पाले गार्निए या ऑपेरागृहाचा रंगमंच प्रेक्षकांकडे 5 टक्के उतरता आहे. तशा मंचावर दोघांचंही वजन पुढे ओढलं जातं, तेव्हा टाचांकडे थोडं मागे राहावं लागतं.

दमसास वेगळा कमवावा लागतो. अभिजात पा द दूचा, म्हणजे जोडीनृत्याचा, क्रम ठरलेला असतो: प्रवेश, दोघांचा संथ आदाजिओ, तुझं एकल, तिचं एकल, मग कोडा, म्हणजे दोघांचा जलद शेवट. म्हणजे आदाजिओत हात आणि कंबर वापरून झाल्यावर लगेच तुझ्या सर्वांत मोठ्या उड्या येतात. नृत्यरचनाकार मॅकमिलनच्या 1965 च्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये सज्जाच्या प्रसंगात उलटं होतं: आधी रोमिओचं दमवणारं एकल, मग एकामागून एक उचलणं. म्हणून एकल सुटं सुटं घोटू नकोस; आठवड्यातून एकदा तरी सगळा क्रम न थांबता कर.

पोटऱ्यांकडे दुर्लक्ष नको. एका पायावर टाच उचलण्याचे सलग 25 फेरे, दोन्ही पायांना सारखेच जमले पाहिजेत. उडीवरून उतरताना टाच जमिनीला टेकलीच पाहिजे, नाहीतर सगळा भार पोटरी आणि टाचेच्या शिरेवर (अकिलिस टेंडनवर) साठत जातो. लंडनच्या रॉयल बॅलेचे नर्तक स्टीव्हन मॅक्रे यांची ही शीर 2019 मध्ये प्रयोग चालू असतानाच तुटली. ते 2021 मध्ये रोमिओ म्हणून परतले. दोन वर्षं! सकाळी पहिली पावलं टाकताना टाच आखडलेली वाटली तर त्याच दिवशी फिजिओकडे जा.

बढतीची घाई समजते. रॉयल बॅलेत आर्टिस्ट, फर्स्ट आर्टिस्ट, सोलोइस्ट, फर्स्ट सोलोइस्ट आणि मग प्रिन्सिपल. पॅरिसमध्येही एत्वाल या सर्वोच्च पदापर्यंत पाच पायऱ्या आहेत. मधल्या वर्षांत राखीव म्हणून ज्या भूमिकेत नाव लागेल तिची सगळी उचलणी मोजणीसकट पाठ ठेव. कुणी जायबंदी झालं की संध्याकाळच्या प्रयोगासाठी दुपारी बोलावणं येतं, आणि अनोळखी जोडीदारिणीबरोबर तासाभरात उभं राहावं लागतं. त्या तासात आधी अवघड उचलणी, मग आधाराच्या गिरक्या, मग तिच्याकडे जाण्याच्या वाटा बघून घ्या. तुझं एकल तू एकटा कोपऱ्यात आठव, तिचा वेळ त्यात घालवू नकोस.

तुझा,
हितचिंतक