सासऱ्यांना 'मामंजी' का म्हणतात?

प्रश्न असा आहे: सासरे काही आईचे भाऊ नव्हेत, मग सुना त्यांना 'मामंजी' का म्हणत आल्या?

याचं उत्तर लग्नाच्या चालीत सापडतं. महाराष्ट्रात अनेक जातींमध्ये मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानत. हेच लग्न नवरीच्या बाजूने पाहा. नवरा तिचा आतेभाऊ, म्हणजे सासू तिची आत्या, म्हणून 'आत्याबाई'. आत्याच्या यजमानांना तर कितीतरी घरांत 'मामा'च म्हणतात. त्याला आदराचा 'जी' लागला की झाले मामंजी. पुढे ज्यांच्यात अशी लग्नं होतच नसत, त्यांच्याही घरांत या हाका रुळल्या.

दक्षिणेकडे हे आणखी उघड दिसतं. कन्नडमध्ये 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही, 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही. हिंदीत मात्र बुआ आणि सास, मामा आणि ससुर यांची गल्लत कधी होत नाही, कारण उत्तरेतल्या बहुतेक हिंदू समाजांत हे लग्न वर्ज्यच. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर लिहिताना महाराष्ट्राला या दोन पद्धतींच्या मधल्या पट्ट्यात घातलं, ते मला अगदी पटतं. 'गाथासप्तशती'तली महाराष्ट्री प्राकृत बोलणारी तरुणी वाटसरूला सासू कुठे निजते ते सांगते, तेव्हा सासूला ती 'अत्ता' म्हणते. आपली आत्या त्याच कुळातली दिसते.

पण खरी मौज भावंडांच्या वाटणीत आहे. रक्ताच्या हिशोबाने चुलत, मावस, मामे, आते ही चारही सारख्याच अंतरावर. तरी चुलत आणि मावस ही थेट बहीण-भावंडं, तिथे लग्नाचा विषयच नाही. मामे-आते भावंडांना मात्र लहानपणापासून 'तुझी नवरी' म्हणून चिडवतात. त्यातही दिशा ठरलेली: मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी करणं पुष्कळ ठिकाणी टाळतात. एवढा बारकावा निव्वळ रक्ताच्या नात्यातून निघणार नाही. मुलगी कोणत्या घरातून कोणत्या घरात जायची, यावरून तो पडला आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने या चारही नात्यांना निषिद्ध यादीत एकत्र बसवलं. मात्र वर आणि वधू या दोघांच्याही रूढीला मान्य असेल तर लग्न वैध, अशी सवलतही ठेवली. मामाच्या मुलीशी होणारी लग्नं आजही त्याच सवलतीवर उभी आहेत.