वाचक विचारतात : विष नष्ट केलं, म्हणजे गेलं कुठे?

प्रश्न : पुलगावचं दारूगोळा भांडार आमच्या गावापासून फार लांब नाही. तिथे रासायनिक अस्त्रंही नष्ट करतात, अशी गावात कुजबुज आहे. विहिरीचं पाणी तपासून घ्यावं का?
– एक शेतकरी, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : रासायनिक अस्त्रांची धास्ती मनातून काढा. भारताने १९९७ मध्ये जाहीर केलेला साठा १,०४४ टन सल्फर मस्टर्डचा, म्हणजे कातडीवर फोड आणणाऱ्या युद्धविषाचा होता. तो आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट करण्याचं काम मार्च २००९ मध्ये पुरं झालं.

पाणी मात्र तपासा, फक्त कशासाठी ते ठरवून. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, जिवाणू बघतात. स्फोटकं बघत नाहीत. त्यामुळे ‘पाणी पिण्यायोग्य’ असा शेरा आला तरी तुमच्या शंकेचं उत्तर मिळत नाही. प्रयोगशाळेला नावं लिहून द्या : आरडीएक्स आणि टीएनटी ही स्फोटकं, पर्क्लोरेट हा दारूगोळ्यातला क्षार, आणि शिसं. टीएनटी मातीला बऱ्यापैकी धरून राहतं, आरडीएक्स पाण्याबरोबर खाली झिरपतं. स्फोटकांसाठी नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत घ्या आणि बर्फात ठेवून पोचवा. शिशासाठी वेगळी प्लास्टिकची बाटली लागते. एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरात तपासलंत तरच तुलना करता येईल.

प्रश्न : मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. जुनी रासायनिक अस्त्रं नष्ट करणाऱ्या कारखान्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, हे आधी कसं ठरवतात? धुराड्यातून काय बाहेर पडतं ते मोजलं की पुरतं का?
– यवतमाळ

उत्तर : नाही. धुराड्याची पाळी नंतर येते; आधी वस्तुमानाचा जमाखर्च मांडावा लागतो. तुम्ही रसायनशास्त्र शिकता, तेव्हा हे गणित स्वतः करून बघा. मस्टर्डचा रेणुभार १५९. एका टनात सुमारे ४४६ किलो क्लोरीन आणि २०१ किलो गंधक निघतं. भट्टीत मस्टर्ड संपतं, पण क्लोरीन आणि गंधक संपत नाहीत. त्यांचं साधारण ४६० किलो हायड्रोजन क्लोराइड आणि ४०० किलो सल्फर डायऑक्साइड होतं. ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुऊन काढलं की सुमारे ७३५ किलो साधं मीठ आणि ८९० किलोपर्यंत सोडियम सल्फेट उरतं. एक टन विष गेलं आणि दीड टनाहून जास्त क्षार हातात आला. तो कुठे ठेवणार, पावसाळ्यात त्यावर छप्पर असेल का, याचा हिशेब पर्यावरण परिणामाच्या अहवालात नसेल तर तो अहवाल अर्धाच आहे. जमिनीत क्षार साचला की काय होतं, हे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याला विचारावं.

लेविसाइट या दुसऱ्या युद्धविषाची गोष्ट आणखी वाईट. त्याच्या एका टनात सुमारे ३६० किलो आर्सेनिक असतं. ते मूलद्रव्य आहे, त्यामुळे कितीही जाळलं तरी ते आर्सेनिकच राहतं.

आता धूर. अमेरिकेत अशा भट्ट्यांना ९९.९९९९ टक्के नाशाची अट होती, म्हणजे एका टनामागे फार तर १ ग्रॅम विष निसटलं तर चालेल. साध्या घातक कचऱ्याला ९९.९९ टक्के पुरतात, तिथे हाच आकडा १०० ग्रॅम होतो. पण ही टक्केवारी डायऑक्सिन या जळण्यातून तयार होणाऱ्या अतिविषारी द्रव्याबद्दल काहीच सांगत नाही. तापलेला धूर ४५० ते २०० अंशांमधून रेंगाळत थंड झाला, तर क्लोरीन आणि राखेतल्या धातूंमुळे डायऑक्सिन नव्याने तयार होतं. म्हणून धूर झटकन गार करावा लागतो. भट्टी पेटवताना आणि विझवताना धोका जास्त असतो, आणि चाचणीचे आकडे बहुतेक वेळा स्थिर चाललेल्या भट्टीचे असतात. आम्ही अहवाल हाती घेतला की आधी हेच पान शोधतो.

अंदाज चुकण्याचं दुसरं कारण साठ्यातच असतं. जुनं मस्टर्ड पातळ राहत नाही, तळाशी घट्ट गाळ धरतं. अमेरिकेतल्या काही टाक्यांमध्ये तर पारा सापडला. वरचा पातळ थर काढून तपासला तर यातलं काहीच दिसत नाही.

शेवटी आधीची नोंद. कारखाना सुरू होण्यापूर्वीची माती, पाणी आणि दूध तपासलेलं नसेल, तर पुढे कोणालाच काही सिद्ध करता येत नाही. मातीचा नमुना पडीक जागेतून, वरच्या ५ सेंटिमीटरचा घ्या; नांगरलेल्या वावरात वरची माती खाली गेलेली असते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि वरची धूळ त्यात उतरते, म्हणून भेगेपासून दूर राहा. डायऑक्सिन चरबीत साठतं, त्यामुळे तिथेच चरणाऱ्या गाईचं दूध आणि मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीची अंडी हवेच्या यंत्रापेक्षा जास्त बोलतात. नियमाप्रमाणे पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते. विदर्भाला ती पुरत नाही, असं आमचं ठाम मत आहे : हिवाळ्यात सकाळी धूर जमिनीलगत दबून राहतो, मे महिन्यात उंच विरतो.

प्रश्न : कोठ्यात जुन्या मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस या फवारणीच्या औषधांच्या अर्धवट बाटल्या पडून आहेत. पऱ्हाटीसोबत जाळून टाकल्या तर चालेल का?
– घाटंजी

उत्तर : कृपा करून जाळू नका. ही औषधं सरिन या मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या युद्धविषाच्या नात्यातली आहेत. सरिन आणि त्याच जातीचं टाबुन १९३० च्या दशकात जर्मनीत कीटकनाशकांच्या संशोधनातूनच हाती लागले. हा प्रश्न वरच्या प्रश्नाशेजारी मुद्दाम छापला आहे. रासायनिक अस्त्रबंदी करारात नाशाच्या तीन पद्धतींना सक्त मनाई आहे : पाण्यात टाकणं, जमिनीत पुरणं, उघड्यावर जाळणं. शेताच्या धुऱ्यावर नेमकं हेच तीन प्रकार चालतात. घातक कचऱ्याच्या भट्टीत १,१०० अंशांवर धूर २ सेकंद धरून ठेवतात. पऱ्हाटीच्या आगीत विष पूर्ण तुटायच्या आधीच वाफ होऊन उडतं, आणि ती वाफ जाळणाऱ्याच्याच नाकात जाते.

बाटल्या उघडू नका, एकीतलं दुसरीत ओतू नका. नायट्रिलचे हातमोजे घालून त्या प्लास्टिकच्या टबात उभ्या ठेवा, भोवती कोरडी माती भरा, कुलूप लावा. गळती झालीच तर पाणी मारू नका. कोरड्या मातीने टिपा आणि ती माती जाड पिशवीत बांधून त्याच टबात ठेवा. हे करताना कोणाला घाम, लाळ किंवा धूसर दिसणं सुरू झालं, तर अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि बाटलीच्या लेबलाचा फोटो घेऊन लगेच दवाखाना गाठा. उतारा ॲट्रोपिन, तो डॉक्टरच देतील.

एका शेतकऱ्याच्या चार बाटल्यांसाठी गाडी येणार नाही. गावभराची यादी करून तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि बुटीबोरीच्या सामूहिक घातक कचरा केंद्राकडे पाठवण्याची मागणी करा. यादीत औषधाचं नाव, बॅच, प्रमाण लिहा. लेबल गेलं असेल तर ‘अनोळखी’ असंच लिहा, अंदाजाने नाव घालू नका. क्लोरीन असलेली औषधं एका फेरीत भट्टीत किती घालायची, हे तुमच्या त्या यादीवरून ठरतं.