पाण्याचं अर्थशास्त्र शिकायचंय

प्रश्न: नाशिकला एम.ए. इकॉनॉमिक्स करतेय, घरची द्राक्षबाग आहे. पर्यावरण अर्थशास्त्रात प्राध्यापक व्हायचंय पण घरचे म्हणतात बँकेची परीक्षा दे. काय करू?

उत्तर: अगं, नक्की कर! नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा दे, त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पीएचडी करताना दरमहा पैसे मिळतात, घरच्यांनाही जरा धीर येईल. इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले संबंध तपासायची पद्धत, मात्र आत्ताच पक्कं कर, बरेच जण तिथेच अडकतात. आणि विषय शोधायला लांब कशाला जायचं, दिंडोरीच्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतःच पाणी वाटतात, पट्टी गोळा करतात, आणि सामाईक संसाधनं लोक कशी सांभाळतात याच अभ्यासासाठी अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथल्या पाणीपट्टीच्या नोंदी बघ, शेवटच्या चारीवरच्या (कालव्याच्या छोट्या फाट्यावरच्या) शेतकऱ्याला पाणी पोचतं का ते विचार.