गॅस्केट नाही म्हणून नुसतं सिलिकॉन लावलं, चालेल का?

प्रश्न: माझी १९५० च्या दशकातली गाडी आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (डिफ, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) दोन्ही खोलून परत जोडले. गिअरबॉक्सच्या पुढच्या कव्हरचं कागदी गॅस्केट (जोडात तेल अडवायला बसवतात तो कापलेला कागद) मिळालं नाही, मग तिथे नुसतं ट्यूबमधलं सिलिकॉन सीलर लावलं. आता न्यूट्रलमध्येही इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून येणारा दांडा) हाताने फिरवायला जड जातोय, आणि डिफचं तेल तर गळतंच आहे. सिलिकॉनचा अजून जाड थर देऊ का?

उत्तर: नका देऊ, आणि शाफ्ट जड आहे तोवर गाडी चालवूही नका प्लीज. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सात पुढचं कव्हर थेट बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर (कड्यावर) टेकतं आणि शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) टाकताना गॅस्केटची जाडी हिशोबात धरलेली असते. म्हणजे पाव मिलिमीटरचा कागद गेला की कव्हर तेवढंच आत येतं आणि सगळा दाब बेअरिंगवर, तुमच्याकडे बहुतेक हेच झालंय. जुन्या गॅस्केटचा तुकडा उरला असेल तर बोल्टखाली दबलेल्या भागाची जाडी मायक्रोमीटरने मोजा, तेवढ्याच जाडीचा गॅस्केट पेपर आणून घरीच कापा, तेलाची भोकं मात्र विसरू नका. कापायला अर्धा तास लागतो, बेअरिंग गेलं तर पूर्ण बॉक्स परत खाली.

सिलिकॉनचा दुसरा त्रास असा की बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही पिळून निघतं, मग त्याच्या शेवया सुटून तेलात फिरतात आणि बारीक तेलवाटा बुजवतात. कागदाला न सुकणारं सीलर दोन्ही बाजूंनी बोटाने पुसल्यासारखं पातळ लावा, बास. जिथे मुळातच गॅस्केट नव्हतं, मशीन केलेलं धातूवर धातू आहे, तिथे ॲनेरोबिक सीलर उत्तम, ते हवा तुटल्यावरच धरतं, त्यामुळे आत निघालेलं घट्ट न होता तेलात विरघळून जातं.

डिफचं म्हणाल तर आधी ब्रीदर (केसमधली हवा बाहेर सोडणारं छोटं छिद्र) बघा!! तो मातीने बुजला की गरम झालेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते, मग कुठलंही सीलर लावा, गळणारच. तेलाची लेव्हल फिलर होलच्या (तेल भरायच्या भोकाच्या) खालच्या कडेपर्यंतच, वर नाही. बोल्टचं भोक आरपार केसमध्ये जात असेल तर आट्यांवरही सीलर लागतं, हे बरेच जण विसरतात. पत्र्याचं कव्हर असेल तर भोकांभोवतीचा पत्रा बोल्ट आवळून फुगलेला असतो, तो सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीने बसवा, मगच गॅस्केट ठेवा, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे करत आवळा.